वादळाचं पाणी गावात कुठवर येईल? घरच्या लॅपटॉपवर नकाशा आणि मॉडेल कसं करायचं

३ जून २०२० ला कोकणात निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा सगळ्यांचं लक्ष वाऱ्याकडे होतं. साहजिकच आहे, पत्रे उडाले, नारळी-पोफळी आडव्या झाल्या, खांब पडले, कित्येक गावांत बरेच दिवस लाईट नव्हती. पण वादळात समुद्राचं पाणी वर चढतं तो प्रकार वेगळाच आणि जगभर चक्रीवादळांत सगळ्यात जास्त माणसं त्यानेच गेलीत, १९७० चं भोला घ्या, १९९९ चं ओडिशाचं सुपर सायक्लोन घ्या, २००८ चं नर्गिस घ्या. आपल्याकडे त्या दिवशी तसं झालं नाही, पण का झालं नाही हे समजून घेतलं की अर्धा अभ्यास तिथेच होतो. म्हणून मी उदाहरण अलिबाग तालुक्यातल्या रेवदंडा-चौलचं घेतोय, एका बाजूला कुंडलिकेची खाडी, समोर कोर्लई, मागे वाड्या आणि खारजमीन (बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेली). तुमचं गाव दुसरं असेल तर नाव बदला, पद्धत तीच.

लागणार काय तर क्यूजीआयएस (नकाशे करायचं फुकट सॉफ्टवेअर), बरा लॅपटॉप, भरतीचं टेबल आणि गावात फिरायची तयारी. पैसे लागत नाहीत, वेळ लागतो.

आधी पाणी का चढतं ते

तीन गोष्टी. पहिली, वादळाच्या मध्यभागी हवेचा दाब कमी असतो, दर १ हेक्टोपास्कल कमी दाबामागे पाणी साधारण १ सेंटीमीटर वर येतं. निसर्गचा मधला दाब ९८४ पर्यंत गेला होता, बाहेर १०१० धरा, म्हणजे २६ सेंटीमीटर, बास. लोकांना वाटतं दाबामुळेच पाणी फुगतं, तसं नाहीये.

दुसरी आणि खरी गोष्ट म्हणजे वारा. वारा पाण्याला किनाऱ्याकडे ढकलतो आणि ही ढकल वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, शिवाय पाणी जितकं उथळ तितका फुगवटा जास्त. अंदाजाला एक गणित करून बघा: ताण म्हणजे हवेची घनता गुणिले घर्षणाचा आकडा गुणिले वेगाचा वर्ग, तर ११० किमी ताशी म्हणजे साधारण ३० मीटर प्रतिसेकंद, १.२ × ०.००२५ × ९०० = २.७ पास्कल. मग फुगवटा = ताण × अंतर ÷ (पाण्याची घनता × ९.८१ × खोली). ५० मीटर खोलीच्या १०० किलोमीटर पट्ट्यावर अर्ध्या मीटरच्या थोडं वर येतं, आणि किनाऱ्याजवळच्या फक्त २० किलोमीटर पट्ट्यात खोली १० मीटर धरली तर तिथेच परत तेवढंच! म्हणून उथळ समुद्र वाईट, आणि मुंबई-रायगडसमोर कॉन्टिनेंटल शेल्फ, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, चांगलाच रुंद आहे, मुंबईसमोर जवळपास ३०० किलोमीटर. दोन्ही मिळून एक मीटरच्या थोडं वर आणि दाबाचे २६ सेंटीमीटर, म्हणजे सव्वा-दीड मीटरच्या आत कुठेतरी. हवामान खात्याने त्या वेळी मुंबई, ठाणे, रायगडसाठी १ ते २ मीटर सांगितलं होतं. कागदावरचं गणित आणि त्यांचा अंदाज एकाच घरात बसतात की नाही हे मी नेहमी आधी बघतो, कारण पुढे मॉडेलने ५ मीटर दाखवले तर कुठेतरी शेण खाल्लंय हे लगेच कळतं. (हे गणित वारा बराच वेळ एकाच दिशेने वाहतोय असं धरतं, खरं वादळ छोटं आणि पळतं असतं, त्यामुळे वरची मर्यादा समजा.)

तिसरी गोष्ट लाटा. फुटणाऱ्या लाटा उघड्या किनाऱ्यावर अजून काही इंच, कधी फूटभर पाणी चढवतात. खाडीच्या आत हे फारसं नाही.

भरती, म्हणजे आपल्याकडची खरी गोम

बंगालच्या उपसागरात वादळाचा फुगवटाच एवढा मोठा असतो की बरेच ठिकाणी तोच सगळं ठरवतो. उत्तर कोकणात भरती-ओहोटीचा फरकच फुगवट्याच्या दुप्पट-तिप्पट आहे. मुंबईला अपोलो बंदरवर उधाणाच्या (अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या) भरतीची सरासरी ४.४२ मीटर, ओहोटीची ०.७६. म्हणजे तेच वादळ, तोच २ मीटरचा फुगवटा, भरतीला आला तर ६.४ आणि ओहोटीला आला तर २.८, आणि २.८ ला तर अष्टमीच्या सुमाराची लहान, भांगाची भरतीसुद्धा जाते, कोणाच्या लक्षातही येणार नाही. सहा तासांचा फरक फक्त.

भरतीची वेळ काढायला आपल्याकडे कोळ्यांचा हिशोब आहेच, तिथीची पाऊणपट. निसर्ग आलं तेव्हा दोन दिवसांवर वटपौर्णिमा होती, म्हणजे द्वादशी-त्रयोदशी, १२ ची पाऊणपट ९, १३ ची पावणेदहा, म्हणजे भरती सकाळी आणि रात्री नऊ-दहाच्या सुमाराला. वादळ किनाऱ्यावर आलं दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान. म्हणजे पाणी उतरत होतं! पौर्णिमा जवळ, उधाण चढत चाललेलं, आणि वादळ नेमकं ओहोटीत घुसलं. सकाळी साडेनऊला आलं असतं तर मी हा लेख वेगळ्या सुरात लिहिला असता.

उंचीचा शून्य कुठला धरलाय ते आधी बघा

सगळ्यात जास्त लोक इथेच आपटतात, मीपण आपटलोय. भरतीच्या टेबलातले ४.४२ मीटर हे चार्ट डेटमपासून असतात, म्हणजे साधारण सगळ्यात खालच्या ओहोटीपासून. तुमच्या उंचीच्या नकाशाचा शून्य मात्र सरासरी समुद्रसपाटीच्या आसपास असतो. मुंबईला ही सरासरी चार्ट डेटमच्या २.५१ मीटर वर आहे. तर ४.४२ ची भरती नकाशावर १.९१ होते. मी पहिल्यांदा हे वजा न करता साडेचार मीटरची भरती तशीच टाकली, वर २ मीटर वादळाचे, आणि अर्धा अलिबाग तालुका निळा करून मित्रांना पाठवला. एका काकांचा फोन आला, अरे साडेचारची भरती तर दर पावसाळ्यात पेपरात येते, आम्ही दर महिन्याला बुडतो का?

दुसरी भानगड जीपीएसची. मोबाईल किंवा जीपीएस कधीकधी एलिप्सॉइडवरची, म्हणजे पृथ्वीचा गुळगुळीत गणिती आकार धरून त्यावरची उंची देतो, आणि भारताजवळ समुद्रसपाटी त्या एलिप्सॉइडच्या बरीच खाली आहे, कोकणात साठेक मीटर. उणे साठ वगैरे आकडा दिसला तर घाबरू नका, जिऑइडची (म्हणजे समुद्रसपाटीच्या खऱ्या आकाराची) दुरुस्ती करा. आणि उंचीचे फुकट नकाशेही (ते पुढे येतात) वेगवेगळ्या जिऑइडवर असतात, एसआरटीएम ईजीएम ९६ वर, कोपर्निकस ईजीएम २००८ वर, दोन्ही मिसळायचे तर आधी एका शून्यावर आणा. जमलं तर सर्व्हे ऑफ इंडियाचा जवळचा बेंचमार्क (उंची नेमकी मोजून ठेवलेली खूण) शोधा आणि तिथून लेव्हल घेऊन दोन-चार जागा तपासा.

अजून एक, मुंबईचे आकडे रेवदंड्याला जसेच्या तसे लावू नका, दक्षिणेकडे जाल तशी भरतीची उंची कमी होत जाते, रत्नागिरी-गोव्याकडे तर बरीच. जवळच्या बंदराचं टेबल घ्या.

उंचीचा नकाशा

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, तसं आहे हे. फुकट मिळणारे पर्याय असे. एसआरटीएम, फेब्रुवारी २००० मध्ये स्पेस शटलवरून रडारने मोजलेलं, साधारण ३० मीटरचे चौकोन. जुनं आहे आणि उंची पूर्ण मीटरमध्येच देतं, २ किंवा ३, मधलं काही नाही, आणि आपला सगळा खेळ अर्ध्या मीटरचा आहे. त्याहून वाईट म्हणजे रडारला जमीन दिसतच नाही, झाडांचे शेंडे आणि घरांची छपरं दिसतात. चौल-रेवदंड्याच्या नारळी-पोफळीच्या वाड्या त्यात चक्क छोट्या टेकड्यांसारख्या दिसतात, आणि नकाशा म्हणतो वाडी सुरक्षित. जिथे विहिरीचं पाणी हाताला लागतं ती जागा टेकडी कशी असेल!

ही चूक फक्त आपल्याकडची नाही. २०१९ मध्ये क्लायमेट सेंट्रल या अमेरिकेतल्या संस्थेच्या संशोधकांनी उंचीतली ही सूज काढून परत मोजलं तर २०५० पर्यंत दरवर्षी पुराच्या धोक्यात येणाऱ्या लोकांचा जगभरातला आकडा ८ कोटींच्या आसपास होता तो ३० कोटींवर गेला. जमीन तीच, लोक तेच, फक्त झाडं-घरं वजा केली.

तर युरोपच्या कोपर्निकसचा ३० मीटरवाला घ्या, किंवा त्यातूनच झाडं-इमारती काढून केलेला फॅबडेम घ्या, तो धंद्याच्या कामाला फुकट नाही पण अभ्यासाला चालतो. इस्रोचं कार्टोडेम त्यांच्याच भुवन या साइटवर मिळतं, वापरताना उंची कशापासून मोजलीय तेवढं बघा. लायडार (विमानातून लेझरने मोजलेली उंची) मिळाला तर प्रश्नच मिटला, पण तो मिळत नाही. तपासायला मात्र आइससॅट-२ च्या लेझरच्या रेषा वापरा, २०१८ पासून तो उपग्रह उंची मोजत फिरतोय, तुमच्या गावावरून त्याच्या काही रेषा गेल्या असतील, त्या उंच्या तुमच्या नकाशाशी लावून बघा आणि सरासरी फरक किती येतो ते लिहून ठेवा. तो फरक नंतर लागणार आहे.

पहिला नकाशा, बादलीवाला

याला बाथटब पद्धत म्हणतात. क्यूजीआयएसमध्ये उंचीचा रास्टर (चौकोनाचौकोनांचा नकाशा) यूटीएम झोन ४३ उत्तर या मीटरवाल्या प्रक्षेपणात आणा, रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये उंची पाण्याच्या पातळीपेक्षा, समजा भरती आणि फुगवटा मिळून ३.५ मीटरपेक्षा, कमी असेल ते १ बाकी ० असं लिहा, झालं. पण यात समुद्राशी काही संबंध नसलेला मागचा खोलगट भागही बुडतो. म्हणून त्याऐवजी क्यूजीआयएसमधूनच चालणाऱ्या ग्रासमधलं आर.लेक हे टूल वापरा, त्याला पाण्याची पातळी द्या आणि खाडीतला एक बिंदू द्या, तो तिथून सुरू होऊन जिथवर वाट मिळते तिथवरच पाणी भरतो.

आता आपली खासियत येते, खारबंदिस्ती. खारेपाटात फिरलेल्याला माहितीये, दोन-तीन मीटर रुंदीचा मातीचा बांध आणि त्यात उघाडी म्हणजे दाराची मोरी, ओहोटीला पाणी बाहेर जातं आणि भरतीला दार बंद होतं. ३० मीटरच्या चौकोनात हा बांध दिसणार कसा? दिसत नाही. नकाशाला वाटतं बांध नाहीच, आणि रोजच्या भरतीला सगळी भातशेती बुडते. म्हणून बांध गूगल अर्थवरून रेषेने काढा, गावात जाऊन उंची मोजा, मग उंचीचा रास्टर ५ मीटरच्या चौकोनांत फोडून त्या रेषेच्या जागी बांधाची उंची बसवा. (फोडल्याने माहिती वाढत नाही, फक्त बांधाला उभं राहायला जागा मिळते.) आणि दोन नकाशे करा, एक बांध शाबूत धरून, एक खांडी पडल्यात असं धरून. ज्यांनी उधाणात बांध फुटताना बघितलाय ते पहिल्या नकाशावर विश्वास ठेवणार नाहीत, आणि बरोबर आहे त्यांचं. उघाडीची दारं कुजलेली असतात ते वेगळंच.

बादलीवाला नकाशा मागच्या सपाट जमिनीवर पाणी जास्त दाखवतो, कारण फुगवटा काही तासांचाच असतो आणि कांदळवन, घरं, बांध यात पाणी अडखळतं, तेवढ्या वेळात आतवर पोचत नाही. उलट निमुळत्या खाडीत तो कमी दाखवू शकतो, तिथे पाणी आत जाता जाता चढतं. बऱ्याच गावांना तरी हाच पुरतो, इथे थांबलात तरी चालेल.

मॉडेल

पुढे जायचं असेल तर पाण्याची हालचाल गणिताने चालवणारं सॉफ्टवेअर लागतं. हैदराबादची सरकारी समुद्र-माहिती संस्था इन्कॉइस अॅडसर्क वापरते, हवामान खातं आयआयटी दिल्लीचं मॉडेल वापरतं, अमेरिकेत स्लॉश. घरी एकट्याने करायला मला डेल्टारेस या डच संस्थेचं स्फिंक्स बरं वाटतं, फुकट आहे आणि लॅपटॉपवर धावतं. अॅडसर्क जास्त ताकदीचं पण त्याची त्रिकोणी जाळी बनवण्यातच महिना जातो.

समुद्राची खोली जेबको या जगभरच्या समुद्रतळाच्या फुकट नकाशावरून घ्या, पण ती साधारण ४५० मीटरच्या चौकोनांची आणि किनाऱ्याजवळ अगदी बेभरवशाची, नेमकी जिथे गरज तिथे. डेहराडूनच्या नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिसचे चार्ट मिळवून किनाऱ्याजवळचे आकडे त्यातून भरा (ते चार्ट डेटमवर असतात, परत तेच वजाबाकीचं लफडं). खाडीच्या आतलं तर चार्टवर पण धड नसतं, मी एका होडीवाल्या मामांच्या फिश फाइंडरवर फेऱ्या मारून खोली लिहून घेतली आणि प्रत्येक वेळेला वेळ टिपली म्हणजे भरतीची उंची वजा करता येते.

वादळ कसं द्यायचं? हवामान खात्याचा बेस्ट ट्रॅक, म्हणजे वादळाच्या वाटेची नंतर तपासलेली नोंद, मिळतो, दर तीन-सहा तासांनी जागा, दाब, वारा. त्यावरून हॉलंडच्या १९८० च्या सूत्राने वाऱ्याचं आणि दाबाचं वर्तुळ तयार होतं, त्याला जोरदार वाऱ्याची त्रिज्या लागते, तीच सगळ्यात अनिश्चित, तेव्हा दोन-तीन वेगवेगळ्या धरून चालवा. समुद्राकडची हद्द लांब खोल पाण्यात ठेवा, शेल्फच्या पलीकडे, नाहीतर वाऱ्याला पाणी ढकलायला जागाच मिळत नाही आणि फुगवटा कमी येतो. तिथे भरती-ओहोटी टीपीएक्सओ किंवा एफईएस या जगभरच्या भरतीच्या मॉडेलांमधून द्या. घर्षणासाठी मॅनिंगचा आकडा (तळ जितका खडबडीत तितका मोठा) समुद्राला ०.०२ च्या आसपास, कांदळवनाला ०.१ किंवा वर. मॉडेल मध्येच फुटलं तर टाइम स्टेप, म्हणजे दर किती सेकंदांनी गणित होतं ते, बघा, १०० मीटरचे चौकोन आणि २० मीटर खोली असेल तर लाट १४ मीटर प्रतिसेकंद पळते, म्हणजे ७ सेकंदांपेक्षा कमी पाहिजे, बरीच मॉडेलं हे स्वतः सांभाळतात.

आणि घाई करू नका, आधी वादळ न देता नुसती भरती पंधरा दिवस चालवा, उधाण आणि भांग दोन्ही येतील असे. भरतीच्या टेबलाशी वेळ आणि उंची जुळली नाही तर वादळ घालून काही उपयोग नाही, खोली किंवा शून्य कुठेतरी चुकलंय. हे जुळलं की निसर्ग चालवा आणि टाइड गेजच्या (बंदरातल्या पाण्याची उंची मोजणाऱ्या यंत्राच्या) नोंदीतून भरती वजा करून जो फुगवटा उरतो त्याच्याशी ताडा.

असं झालं असतं तर

निसर्ग ईशान्येकडे सरकत अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. आपल्या गोलार्धात वारे घड्याळाच्या उलट फिरतात, म्हणून वाटेच्या उजवीकडे, म्हणजे श्रीवर्धन-दिवेआगरकडे, वारा समुद्रावरून जमिनीकडे होता, आणि डावीकडे मुंबईत जमिनीवरून समुद्राकडे. मुंबई वाचली त्याचं हे एक मोठं कारण. तर मॉडेलमध्ये तोच ट्रॅक उचलून २०-२० किलोमीटर उत्तरेला सरकवत जा, आणि प्रत्येक ट्रॅक भरतीच्या वेगवेगळ्या वेळी, दर दोन तासांनी एक, असा चालवा. पाच जागा गुणिले सहा वेळा, तीस रन, रात्रभर लावून झोपा. सकाळी प्रत्येक चौकोनात जास्तीत जास्त पाणी किती आलं त्याचा एक रास्टर करा आणि तीसपैकी किती वेळा बुडला त्याचा दुसरा. मला विचाराल तर दुसरा जास्त कामाचा. मग एखादा रन समुद्रपातळी अर्धा मीटर वाढवूनही करा.

२०२१ च्या तौक्तेसारखं किनाऱ्याला समांतर वर जाणारं वादळही घाला. ते १७ मे ला रात्री गुजरातेत धडकलं पण आपल्या किनाऱ्याला जाता जाता हिसका दाखवून गेलं. २००९ चं फयान, १९४८ चं मुंबईचं वादळ ही पण यादीत घेता येतात. एक सावधगिरी, नेटवर १८८२ च्या मुंबईच्या वादळात एक लाख माणसं गेली असं बऱ्याच ठिकाणी लिहिलंय, त्या काळच्या नोंदींमध्ये त्याला आधार सापडत नाही, तेव्हा ते घालू नका.

शंभर वर्षांतून एकदा येणारं पाणी किती, हे असल्या पाच-सहा वादळांवरून काढता येत नाही, कोणी काढून दिलं तर हसा. त्यासाठी कॉम्प्युटरने तयार केलेली हजारो खोटी वादळं वापरतात, स्टॉर्म नावाचा १० हजार वर्षांचा डेटासेट फुकट आहे. आणि शंभर वर्षांतून एकदा म्हणजे आपल्या हयातीत नाही असं नसतं, दरवर्षी १ टक्का शक्यता, ३० वर्षांत २६ टक्के. होम लोन तेवढंच चालतं.

गावात जा

उपग्रहाने खात्री करायची तर सेंटिनल-१ चं रडार ढगातूनही बघतं, पण तो काही दिवसांतून एकदा येतो आणि पाणी तर पुढच्या ओहोटीला उतरतं, तेव्हा नशिबावर आहे. त्यापेक्षा माणसांना विचारा. पाणी कुठे आलं होतं असं विचारू नका, लोक हात हलवून तिकडे म्हणतात. देवळाच्या किती पायऱ्या बुडल्या, विहीर किती दिवस मचूळ होती, कुठल्या शेतात पुढच्या वर्षी भात आलं नाही, असं विचारा. खारं पाणी विसरत नाही कोणी. प्रत्येक जागेचा फोटो आणि जीपीएस घ्या. आणि पाणी समुद्राचं होतं की मागून पावसाचं आलेलं हे पण विचारा, कारण भरतीला उघाड्या बंद असताना वरून पाऊस पडला तर गाव मागच्या बाजूने बुडतं आणि तुमच्या समुद्राच्या मॉडेलमध्ये ते येणारच नाही. तसं असेल तर स्फिंक्समध्ये पाऊस घालता येतो, घाला.

शेवटचा नकाशा काढताना आइससॅटशी ताडून आलेला तो फरक आठवा. समजा पाऊण मीटर आला, तर पाण्याची रेषा एकच न काढता पाऊण मीटर खाली आणि वर अशा दोन काढा, मधला पट्टा तिरप्या रेघांनी भरा आणि लिहा की इथे सांगता येत नाही. सपाट खारजमिनीवर हा पट्टा कधीकधी पाचशे मीटर रुंद होतो आणि बघणाऱ्याला राग येतो, येऊ दे. घराघराच्या पातळीवर बुडेल-बुडणार नाही असं रंगवून व्हॉट्सअॅपवर सोडू नका, लोक त्यावर जमिनीचे भाव ठरवायला लागतात. खोलीचे रंग तीनच ठेवा, घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेच्या वर. शाळा, दवाखाना, ट्रान्सफॉर्मर, गावाबाहेर पडायचा रस्ता कुठे तुटतो ते ठळक करा, कारण घर कोरडं राहून रस्ता तुटला तरी माणूस अडकतोच.

आणि हवामान खात्याच्या इशाऱ्याशी नकाशा जोडून द्या. ते म्हणतात भरतीच्या वर इतके मीटर, ती बेरीज ऐनवेळी कोणी करत नाही. म्हणून नकाशाच्या कोपऱ्यात एक छोटा तक्ता करा, आडवं भरतीची उंची टेबलातल्यासारखी चार्ट डेटमवरच, २, ३, ४, ५, उभं फुगवटा अर्धा, एक, दीड, दोन मीटर, आणि प्रत्येक चौकटीत नकाशा क्रमांक. आम्ही तो ए-थ्री कागदावर छापून लॅमिनेट केला आणि जेट्टीवर जिथे मासे उतरवतात तिथे लावला, एक ग्रामपंचायतीत आहे. जेट्टीवरच्याला एका मावशींनी खडूने एका जागी फुली मारलीये, म्हणे इथे तुमच्या नकाशापेक्षा जास्त येतं. पुढच्या उधाणाला जाऊन मोजायचंय.